मदत हवी आहे: रॉक गाण्यात डिस्कोचा ठेका, पण किक-बेस गढूळ

रोलिंग स्टोन्सच्या 'मिस यू'च्या (१९७८) धर्तीचा ठेका बसवतोय. वेग मिनिटाला ११० मात्रा, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, अधल्यामधल्या अर्ध्या मात्रांवर उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी). बेस (खर्जातले स्वर वाजवणारं वाद्य) सप्तकात उड्या मारतो: खालचा ए स्वर मात्रेवर, वरचा अर्ध्यावर. घोळ इथेच आहे. खालचा ए ५५ हर्ट्झचा, किकचा जोरही तिथेच, म्हणून ठोका बोथट होतो. बेस ६० हर्ट्झखाली कापला की गाणं पोकळ वाटतं. गिटारचं डिस्टॉर्शन उतरवलं की थोडं मोकळं होतं, पण मग रॉक उरतो कुठे?

किकवरून साइडचेन लावल्यास (म्हणजे किक वाजताच बेसचा आवाज आपोआप दबेल) रिलीज, म्हणजे तो परत वर यायचा वेळ, किती ठेवता? अर्धी मात्रा २७३ मिलिसेकंदांची, त्याआधी बेस पूर्ण परतायला हवा. की किकच वेगळ्या स्वरात ट्यून करावा?