नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीला पाळणाघर हवंय. पालिकेच्या बजेटात घालायचं कसं?

बचतगट_तुर्भे:
आमच्या गटातल्या निम्म्या जणी पहाटे एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांदा निवडायला जातात. काही एमआयडीसीत पॅकिंगला, बाकीच्या वाशी-सानपाड्यात घरकामाला. अंगणवाडी आहे, सेविकाबाईही चांगल्या आहेत, पण तिथे तीन वर्षांपुढची पोरं बसतात आणि खाऊन झालं की घरी येतात. दीड वर्षाच्या पोराला त्या घरपोच आहाराचं पाकीट देतात. पाकीट पोर सांभाळत नाही.

मग थोरली मुलगी शाळा बुडवून घरी, नाहीतर पोर शेजारच्या आजीकडे. आजी महिन्याला १५०० घेते, म्हणजे लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आले की तसेच आजीच्या हातात. (आजीबद्दल तक्रार नाही. एवढ्याशा खोलीत ती रांगती पोरं सांभाळून दाखवावीत कोणी.)

पालिकेचा शिलाईचा क्लास मी स्वतः केलाय, सर्टिफिकेट आहे. क्लासला बसायचं तर पोर कोणी धरायचं, हा प्रश्न तिथे निघालाच नाही. पाळणाघर मागायचं तर अर्ज नेमका कोणाकडे आणि कधी द्यायचा? एका कार्यालयात ‘वर पाठवतो’ म्हणाले. वर म्हणजे कुठे?

जमाखर्च_काका:
ताई, माझी नोकरी दुसऱ्या एका महापालिकेच्या लेखा विभागात झाली, त्यामुळे आतली गंमत सांगतो. बजेटातला ५ टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी ठेवायचा, असा शासनाचाच नियम आहे. त्यामुळे ‘पैसे नाहीत’ म्हणाले तर तिथे थांबू नका. अडतं ते खर्चाच्या जातीवर. क्लास घेतला, बिल निघालं, मार्चअखेर फाईल बंद. वाटपाचंही तेच, २०१६ पासून वस्तूंऐवजी पैसे थेट खात्यात जायला लागले, मग काम आणखी सोपं झालं. पाळणाघराला मात्र दर महिन्याला मानधन, दूध, वीज, साफसफाई. एप्रिल उजाडला तरी पोरं यायची थांबत नाहीत. असा कायमचा खर्च अंगावर घ्यायला कुठलाही अधिकारी बिचकतो.

म्हणून अर्जात ‘पाळणाघर बांधून द्या’ हे वाक्य चुकूनही लिहू नका. ते अर्ज अभियंत्याकडे जातात. निविदा निघते, इमारत होते, नारळ फुटतो आणि चालवायची तरतूद नाही म्हणून दाराला कुलूप. शाळेची रिकामी खोली किंवा समाजमंदिर दाखवा आणि चालवायचा खर्च मागा. पत्र समाजविकास विभागाच्या उपआयुक्तांना, प्रत विभाग कार्यालयाला, दोन्हीकडून आवक शिक्का. फेब्रुवारीत आयुक्त बजेट मांडतात, पण खात्यांचे आकडे त्याआधी दोन-तीन महिने गोळा होतात. दिवाळीपूर्वी पत्र गेलं पाहिजे. फेब्रुवारीतलं पत्र पुढच्या वर्षाचं समजायचं.

रबाळे_लोकल:
काका बरोबर, पण आधी जागा कोणाची ते बघा. ठाणे-बेलापूर रोडच्या त्या अंगाला बरीच जमीन एमआयडीसीची, सिडकोने वसवलेल्या नोडमध्ये (वाशी, सानपाडा वगैरे) सिडकोची, आणि कचरा उचलायला पालिका. एकाची परवानगी घेईपर्यंत दुसऱ्याचा साहेब बदलतो. पालिकेच्या ताब्यातलीच खोली शोधा.

दुसरं, अंगणवाडी पालिकेची नाही, राज्याच्या बालविकास प्रकल्पाची. केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, मिशन शक्तीमधली. सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. प्रकल्प अधिकाऱ्यांनाही एक पत्र टाका.

सेक्टर_१७:
सगळं पालिकेनेच करायचं का? कंपन्यांना पाळणाघर सक्तीचं आहे ना? आम्ही टॅक्स भरतो.

रबाळे_लोकल:
५० किंवा जास्त कामगार असतील तर सक्ती आहे. पॅकिंगच्या बायका ठेकेदाराच्या हजेरीवर, त्या कंपनीच्या आकड्यात कधी येतच नाहीत. घरकामवालीची कंपनी कोणती? तुमचं घरच ना, साहेब.

बचतगट_तुर्भे:
काका, दादा, खूप उपयोग झाला. साडेसात तास पुरतील, पण कोणते? दहा ते साडेपाच ठेवले तर आमच्या बाया तोवर अर्धी गोणी निवडून झालेल्या असतात. आम्हाला पहाटे पाच ते दुपारी साडेबारा हवंय. पोरांची यादी करायला घेतली आहे: नाव, वय, आई कुठे कामाला, किती वाजता निघते. घरकामवाल्या सातला निघतात, त्यांचं दुपारी अडतंय, त्यावरून काल गटात जोरदार भांडण झालं. सेविका म्हणून आजीलाच घेता येईल का? तिचं शिक्षण चौथी.

जमाखर्च_काका:
सेविका म्हणून अवघड, शिक्षणाची अट लावतील. मदतनीसालाही अट असू शकते, ती आधी विचारून घ्या आणि मगच मदतनीस म्हणून तिचं नाव पत्रात घाला. वेळेचं भांडण मात्र पत्राआधी मिटवा. दोन वेळा मागितल्यात तर ‘लाभार्थ्यांत एकमत नाही’ असा शेरा मारून फाईल परत येईल. मी स्वतः असे शेरे मारलेले आहेत.