दीडशे माणसांच्या वरणासाठी पातेलं कोणतं घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही जळगावजवळच्या खेड्यात राहतो. पुढच्या महिन्यात घरी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा बेत आहे. दरवेळी भांडी भाड्याने आणतो, पण आता भाऊबंदांनी वर्गणी काढून स्वतःचं मोठं पातेलं घ्यायचं ठरवलंय.

माणशी 200 मिली धरलं तरी वरण 30 लिटर होतं. तुरीची डाळ उकळताना फेस वर येतो, घोटायलाही जागा लागते, म्हणून 45 लिटरच्या आसपासचं हवं. साधारण दीड फूट रुंद आणि फूटभर उंच. उंच, अरुंद भांड्यात रवी नीट फिरत नाही, म्हणून रुंदच हवं.

खरी अडचण धातूची आहे. जर्मनचं (म्हणजे अॅल्युमिनियमचं) हलकं, स्वस्त, लवकर तापणारं; पण वरणात चिंच-आमसूल पडतं आणि आंबट पदार्थ त्यात ठेवलेला मला मुळीच चालत नाही. पितळी मला मनापासून आवडतं, पण कल्हई वेळेवर व्हायलाच हवी. कल्हईवाले आता आमच्याकडे क्वचितच फिरकतात. स्टील घ्यावं तर पातळ बुडाला डाळ लागते, आणि एकदा करपलेला वास आला की सगळं वरण वाया.

जाड बुडाचं स्टीलचं एवढं मोठं पातेलं भट्टीवर कुणी वापरलंय का? बूड किती जाड असावं? कड्या रिव्हेटच्या घ्याव्या की वेल्डिंगच्या? भरलेलं पातेलं दोघांनी उचलायचं असतं, त्यामुळे कड्यांबद्दल नक्की सांगा.