मतदान सक्तीचं करावं का?

गिरगावकर: २० मे २०२४, लोकसभेचं मतदान. सोमवार, भरपगारी सुट्टी. तरी दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं शनिवारीच लोणावळ्याला गेली होती. ऑस्ट्रेलियात १९२४ साली सक्तीचा कायदा झाला. सबळ कारणाशिवाय मत चुकवलं तर २० डॉलर दंड, आणि मतदान ९० टक्क्यांच्या आसपास होतं. सगळेच येणार म्हटल्यावर पक्षांना फक्त आपल्या हक्काच्या मतपेढीवर भागवता येत नाही. माझ्या मते इथेही सक्ती हवी.

लालबागची पोर: पूर्ण विरोध. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी असतं, टपालाने किंवा आधी जाऊनही मत देता येतं. इथे माझ्या काकांचं नाव अजून संगमेश्वरच्या यादीत आहे. ते कुर्ल्यात रोजंदारीवर. एका मतासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवायची, नाहीतर दंड? लोणावळेवाले शंभर रुपये फेकतील आणि पुन्हा जातील. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी हाच शंभर रुपयांचा दंड आणला होता. २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

गिरगावकर: काकांसारख्यांना सूट देता येईल. आणि उमेदवार पसंत नसतील तर २०१३ पासून नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण, आहेच की.

लालबागची पोर: नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी लोकसभेला त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. मग माणसाला धरून आणून ते बटण दाबायला लावून काय मिळवलं? घरी बसणं हेही एक मत आहे, ते सरकारने हिसकावू नये.

भांडुपचा आजोबा: मी १९७७ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही, त्यामुळे घरी बसणाऱ्यांचा मला रागच येतो. तरीही सक्ती नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटना सांगते. पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तेव्हा कुणाकडे जायचं, नगरसेवकच नव्हता! तेव्हा दंड कुणाला झाला? आधी निवडणुका वेळेवर घेण्याची सक्ती करा.

गिरगावकर: आजोबा, तुमचा मुद्दा मान्य, दोन्ही सक्त्या करा. पण त्या तीन कुटुंबांना मी मोकळं सोडणार नाही.