गोव्यात केवळ लहान मुलांसाठी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) म्हणून काम करायचे आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न – इंटर्न, डिचोली

नमस्कार. मुंबईत माझा बीएएसएलपीचा (श्रवण व वाचा-भाषा या विषयांतील पदवीचा) अभ्यासक्रम पूर्ण होत आला असून सध्या इंटर्नशिप सुरू आहे. पुढे एमएस्सी करून गोव्यात परतावे आणि लहान मुलांच्या श्रवणदोषावरच काम करावे, असे मनात आहे. तपासण्या शिकायला मिळतात, परंतु निदानानंतर पालकांना धीर कसा द्यावा आणि पेडणे, सत्तरी अशा भागांतून येणारी कुटुंबे उपचारांत टिकून राहतील हे कसे पाहावे, ते वर्गात उमगत नाही. अनुभवी मंडळींनी आणि पालकांनीही कृपया लिहावे.

उत्तर – ऑडिओलॉजिस्ट, फोंडा

अवश्य परत या. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचारांचा आरंभ हे वेळापत्रक आपण सर्वच शिकतो. प्रत्यक्षात ते बहुधा निदानापाशीच अडते. बेरा तपासणीसाठी, म्हणजे आवाजाचा संदेश कानाच्या नसेतून मेंदूकडे कसा जातो हे पाहण्यासाठी, बाळ गाढ झोपलेले लागते, आणि पेडण्याहून निघालेले बाळ कदंबच्या बसमध्ये नेमके झोपते व पणजीला उतरल्यावर टक्क जागे होते. म्हणून तारीख देतानाच आईला सांगावे की प्रवासात त्याला शक्यतो जागे ठेवा आणि दूध इथे आल्यावरच पाजा. एवढ्या सूचनेनेही पुष्कळदा दुसरी फेरी वाचते.

नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र काविळीमुळे रक्त बदलावे लागलेल्या बाळांच्या बाबतीत केवळ ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) 'पास' आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ऑडिटरी न्यूरोपॅथीमध्ये आतल्या कानातील बाह्य केशपेशी काम करत असल्याने ओएई व्यवस्थित येते, परंतु पुढे मज्जातंतूकडे संदेश नीट जात नाही. तो दोष बेरामध्येच दिसतो.

आता पालकांविषयी. 'भांडे पडले की तो वळून बघतो, मग त्याला ऐकू येत नाही असे तुम्ही कसे म्हणता?' हा प्रश्न तुम्हाला वारंवार ऐकावा लागेल. तो प्रामाणिक असतो, त्यावर वाद घालू नये. मूल थोडे मोठे असेल तर आईला खोलीतच बसवून, तोंड झाकून 'आ, ऊ, ई, म, श, स' हे सहा ध्वनी उच्चारून दाखवावेत. 'आ'ला वळणारे मूल 'श' आणि 'स'ला हलतही नाही, हे आईने स्वतः पाहिले की ऑडिओग्राम (श्रवणाचा आलेख) समजावणे पुष्कळ सोपे होते. निदानाच्या दिवशी यंत्रांच्या किमती, शस्त्रक्रिया, शाळा हे सगळे एकदम सांगू नये, कारण त्या धक्क्यात त्यातले फारसे काही त्यांच्या मनापर्यंत पोचत नाही. त्याऐवजी आठवड्याच्या आत पुन्हा बोलवावे, आणि शक्य असल्यास आजीलाही आणायला सांगावे, कारण दिवसभर बाळ बहुधा तिच्याजवळच असते.

उत्तर – एका मुलीची आई, वाळपई

आमच्या मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. तुम्ही परत आलात तर पालकांना पावसाळ्याबद्दल आधीच सांगा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सत्तरीत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की इअर मोल्डच्या (कानाच्या मापाने केलेल्या साच्याच्या) नळीत पाण्याचे थेंब जमतात आणि आवाज बंद होतो. मूल लहान असल्याने ते सांगू शकत नाही आणि आपल्याला वाटते की ती लक्ष देत नाही. आम्ही रात्री बॅटरी काढून यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवतो आणि सकाळी कानात घालण्यापूर्वी आवाज तपासतो. कान वाढला की मोल्ड सैल होऊन यंत्र शिटी मारू लागते, तेव्हा नवा मोल्ड करावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली यंत्रे कपाटात पडून राहिलेली मी आमच्याच भागात पाहिली आहेत.

दुसरे म्हणजे, एके ठिकाणी आम्हाला घरची भाषा सोडून मुलीशी केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मिळाला होता. आईवडिलांना जी भाषा सहज येते तिच्यातच मुलाशी भरपूर बोलावे, असे पुढे दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टने सांगितले, तेव्हा कुठे घर पुन्हा बोलू लागले. आज ती मराठीत गोष्टी सांगते आणि शेजारच्या मुलांशी कोकणीत भांडते.

इंटर्न, डिचोली

मनापासून आभार. आर्थिक साहाय्याचे मार्ग पालकांना ऑडिओलॉजिस्टनेच सांगायचे असतात का?

उत्तर – ऑडिओलॉजिस्ट, फोंडा

होय, आपण सांगितले नाही तर बहुधा कोणीच सांगत नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात आणि पात्र बालकांना कॉक्लियर इम्प्लांटसाठीही (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवण उपकरणासाठीही) साहाय्य होते. जन्मजात बहिऱ्या मुलांच्या बाबतीत वयाची अट असल्यामुळे कागदपत्रांना विलंब परवडत नाही. तुम्ही मुंबईत आहातच, तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवण-वाचाविषयक राष्ट्रीय संस्थेत जाऊन अर्जाची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहून घ्या. २०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या) यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, तेव्हा परतल्यावर तुमच्या तालुक्यातील त्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाशी आणि अंगणवाडी सेविकांशी ओळख करून घ्या. आणि आपल्या व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हाती आल्याशिवाय स्वतंत्रपणे तपासणी सुरू करू नका.