मदत हवी आहे : एकच फोल्डर उघडला की फाइल मॅनेजर बंद पडतो

नमस्कार मंडळी. इंदूरला घरच्या कॉम्प्युटरवर बाबांनी काढलेल्या राजवाड्याच्या नि कृष्णपुरा छत्र्यांच्या (होळकरांची समाधी-स्मारकं) फोटोंचा फोल्डर आहे, काही व्हिडिओही आहेत. तो उघडला की छोट्या चित्रांच्या दोन ओळी दिसतात, तिसरी यायच्या आत विंडो पांढरी पडते आणि फाइल मॅनेजर बंद. बाकीचे फोल्डर ठणठणीत. अँटिव्हायरसनं तपासलं, काही सापडलं नाही. चित्रांऐवजी नुसती नावांची यादी लावली तर मात्र उघडतो! म्हणजे एखादी खराब फाइल किंवा व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारा सॉफ्टवेअरचा भाग) थंबनेल, म्हणजे ती छोटी चित्रं, बनवताना अडत असावा. सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलंय. आता अर्ध्या-अर्ध्या फाइली वेगळ्या करून ती शोधू, की आधी थंबनेलची कॅश (कॉम्प्युटरनं साठवून ठेवलेली छोटी चित्रं) पुसू? बाबा आता नाहीत हो, एकही फोटो जायला नको.