लायका एम३ सर्वश्रेष्ठ? विषय संपलेला नाही

आरसेवाला
'लायका एम३ च्या पुढे कॅमेरा झालाच नाही, विषय संपला' असं परवा एकाने ठोकून दिलं आणि खाली +१ ची रांग लागली. नाही संपला. १९५४ चा एम३ देखणा आहे, शटर कुजबुजल्यासारखं वाजतं, मान्य. पण फाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, लेन्सच्या चौकटी तीनच: ५०, ९०, १३५ मिमी. ३५ मिमी हवी तर पुढे चष्मा जोडलेली खास लेन्स घ्या, नाहीतर कॅमेऱ्याच्या डोक्यावर दुसरा फाइंडर बसवा. २०० मिमीसाठी मध्ये आरशाचा डबा जोडा. म्हणजे शेवटी एसएलआरच, आरशावरून लेन्समधूनच बघायचा कॅमेरा, केलात ना? मग १९५९ चा निकॉन एफ काय वाईट? लेन्सला दिसतं तेच डोळ्याला, पूर्ण १०० टक्के. प्रिझम निघतं, स्क्रीन बदलते, पाठ अख्खी सुटते.

पडदानशीन
आणि नेमक्या क्षणी आरसा वर जाऊन तुम्ही आंधळे. ते राहिलं सांगायचं. एम३ च्या रेंजफाइंडरचा, म्हणजे दोन खिडक्यांतून अंतर जुळवून फोकस करणाऱ्या यंत्रणेचा, पाया (खिडक्यांमधलं अंतर) ६८.५ मिमी, फाइंडरच्या ०.९१ मोठेपणाने गुणा, ६२ च्या वर येतो; पाया लांब तितका फोकस अचूक. मंद दिव्यात एफ/१.४ इतक्या उघड्या लेन्सला दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की काम झालं. तुम्ही बसा काचेवर 'आलं, गेलं, आलं' करत. आरशाचा दणका नाही, त्यामुळे १/१५ सेकंदाचा फोटोही हातात धरून निघतो.
शिवाय १९५४ ची लेन्स आजच्या डिजिटल एमवर बसते. तुमची १९७७ च्या आधीची, एआय (अॅपर्चर रिंग मीटरशी जुळवायची निकॉनची सोय) न केलेली लेन्स निकॉन एफएम२ वर चढवून दाखवा.

आरसेवाला
चढवूच नये. एफएमवर प्रकाश मोजणाऱ्या मीटरची कळ वर उचलता येते, एफएम२ वर येत नाही. अॅपर्चरच्या (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) रिंगची कड त्या कळीवर बसते आणि जोर केला की कळ मोडते. कड मापात घासून घेतली तर चालते. बरं, हा मुद्दा तुमचा, घ्या.
आता शटरच्या पडद्याचं बोला. एम३ चा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा, आणि त्याच्यापुढे आरसा नाही. लेन्स अनंतावर, अॅपर्चर उघडं, तोंड सूर्याकडे करून कॅमेरा ठेवलात की भिंगाने कागद जाळतात तसं पडद्याला भोक. मग निगेटिव्हवर काळा ठिपका, प्रिंटवर पांढरा. निकॉन एफचा पडदा टायटॅनियमचा.

सुई मध्यावर
चालू द्या श्रीमंतांची भांडणं. पेंटॅक्स के१०००, १९७६ ते १९९७. एक एलआर४४ बटण सेल लागतो, तोही फक्त मीटरला. तो संपला तरी १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग चालतात. मीटरला बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी. अंधार झाला की सेल वाचतो.

पडदानशीन
सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू (पुढे-मागे किती स्पष्ट येईल ते आधी बघायची सोय) नाही. विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणे, आणि अॅपर्चरने काय होतं तेच दाखवत नाही!

सुई मध्यावर
तुमचा एम३ दाखवतो का? त्यात तर मीटरही नाही.

दमट रत्नागिरी
कुठलाही घ्या हो, जुलैत कोकणात चामड्याच्या केसमध्ये ठेवला की भिंगावर बुरशीचं जाळं. आधी ते बघा.

सुई मध्यावर
तांदळाच्या डब्यात ठेवा, काही होत नाही.

दमट रत्नागिरी
कृपा करून असले सल्ले देऊ नका! तांदूळ ओलावा जेमतेम ओढतो आणि त्याचं पीठ फोकस रिंगमध्ये जातं. चामडं ओल धरतं, म्हणून केस आधी बाजूला काढा. हवाबंद १० लिटरचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल (ओलावा ओढणारे दाणे) आणि एक हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं मीटर). आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. ६५-७० च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते, आणि तिचं आम्ल कोटिंग खातं. मग पुसून बुरशी जाते, डाग राहतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून खाण्याच्या भांड्यात नको.

पडदानशीन
स्वस्त हायग्रोमीटर दहा-दहा टक्के खोटं बोलतात. तुमचा ४५ खरा कशावरून?

दमट रत्नागिरी
तपासायचा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका घट्ट पिशवीत दहा-बारा तास. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर सहा वजा करत जा. आणि जेल वाढवून वाढवून २५ वरही नेऊ नका, कॅमेऱ्याचं चामडं सुटायला लागतं.

सुई मध्यावर
पाव किलो जेल, ओव्हन, मीठ. कॅमेरा वापरायचा की लोणचं घालायचं?

दमट रत्नागिरी
न वापरता कपाटात ठेवलात तर लोणचंच होतं. तांदळासकट.

आरसेवाला
धागा कॅमेऱ्याचा होता, मंडळी. पडद्याच्या भोकाचं उत्तर अजून आलेलं नाही.

पडदानशीन
जळतो पडदा, मान्य. उन्हात ठेवताना टोपी लावा, इतकं सोपं आहे.

आरसेवाला
आणि मग काढायला विसरा. फाइंडर लेन्समधून बघतच नाही, अख्खा रोल कोरा निघेपर्यंत कळणारही नाही. टोपी कोणाला लागली म्हणायची मग?