मदत हवी आहे: इंग्रजी 'आन्सर'चे इतके अर्थ मुलांना कसे समजवावेत?

नमस्कार मंडळी,

मी नववीला इंग्रजी शिकवते. 'आन्सर' म्हणजे उत्तर देणे, इथवर मुलांचं बरं चालतं. मग 'आन्सर द डोअर' येतं, म्हणजे कुणी दार वाजवलं की जाऊन बघणं. 'आन्सर फॉर' म्हणजे केल्या गोष्टीचा जाब देणं. एखादा माणूस पोलिसांकडच्या वर्णनाशी जुळला तरी क्रियापद हेच! मुलं सगळं सुटं सुटं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

मला व्युत्पत्तीतून जायचं आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'आंडस्वारू' असा होता. 'आंड' म्हणजे विरुद्ध, समोरून. 'स्वारू'चं नातं 'स्वेअर'शी, म्हणजे शपथ घेण्याशी. आरोप झाला की त्याविरुद्ध शपथेवर सांगायचं ते 'आन्सर'. अमेरिकेत दिवाणी दाव्यात प्रतिवादी जे लेखी म्हणणं दाखल करतो, त्याला आजही 'आन्सर'च म्हणतात. 'रिस्पॉन्ड'ही याच वळणाचा: त्यातल्या लॅटिन 'स्पोंडेरे'चा अर्थ वचन देणे, 'स्पॉन्सर' त्यातूनच आला. 'रिप्लाय' मात्र वेगळा, त्याच्या मुळाशी मागे दुमडणं आहे.

हे वाचताना आपल्याकडचं आठवलं आणि फार आनंद झाला. धर्मशास्त्रात खटल्याचे चार पाद, म्हणजे टप्पे, सांगतात, त्यातला दुसरा पाद 'उत्तर'. त्याचेही प्रकार आहेत: आरोप नाकारणं, कबूल करणं, कबूल करून कारण दाखवणं, आणि याचा निवाडा पूर्वीच झालाय असं सांगणं. आपला 'जबाबदार'सुद्धा 'जबाब'मधूनच आला. 'जबाबदार'वरून 'आन्सरेबल' आणि तिथून 'आन्सर फॉर' मुलांना चटकन कळेल असं वाटतं. दार आणि फोन मात्र या धाग्यात नीट ओवता येत नाहीत. 'हाकेला ओ देणे' इथून सुरुवात करावी का?

दुसरी विनंती जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना. मराठेशाहीतल्या महजरांत, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदांत, अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) अशा दोघांच्या तकरिरी, म्हणजे त्यांची म्हणणी, येतात. पश्चिमवादी आपली तकरीर शपथेवर देत असे का, की शपथेचा प्रश्न पुढे दिव्य करायच्या, म्हणजे खरेखोटेपणाची दैवी कसोटी घ्यायच्या, वेळीच यायचा? वर्गात वाचून दाखवता येईल असा चार-पाच ओळींचा छापील उतारा कुणाला माहीत असेल, तर ग्रंथाचं नाव आणि पान द्या. मोडी मला येत नाही, त्यामुळे बाळबोधच हवा.